विहिरीकडचा वाटा

नवरा गेला तेव्हा लेकीला काखेत घेऊन मी सासरचं गाव, न्हावरं, सोडलं. कारेगावात कंपनीतल्या पोरांसाठी खानावळ काढली आणि ती नावारूपाला आणली. थोरले दीर तेवढी वर्षं सगळं रान एकटे कसत होते. पिशवीभर कांदाही त्यांनी कधी माझ्या दारात पाठवला नाही. हे मी विसरलेले नाही, विसरणारही नाही.

यंदा वाटणीची बैठक ठरली. मला ओढ्याकडचं चोपण मिळणार, हे आधीच कानावर आलं होतं. पांढरं मीठ फुटलेलं रान, गवतसुद्धा धरत नाही. मीही म्हटलं, जाऊ दे, सही करून मोकळी होते.

बैठकीच्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते आणि लेक परीक्षेचा इतिहास मोठ्यानं वाचत होती. शेकडो वर्षांपूर्वीची इंग्लंडमधली उमरावाची बायको. नवरा वारला. तिथं विधवेला जमिनीचा तिसरा हिस्सा, तोही हयातीपुरता. सावत्र मुलानं तिच्या गळ्यात दलदल मारली आणि पाणचक्की स्वतःकडं ठेवली.

माझा हात थांबला. "मग? गप बसली व्हय ती?"

"न्हाई गं आई. राजाच्या कोर्टात गेली. पाणचक्की घेऊनच उठली!"

तव्यावरची भाकरी करपली. माझ्या अंगात नुसतं वारं शिरलं होतं. हयातीपुरत्या हिश्श्यासाठी ती राजापर्यंत जाते, आणि मी कायमचा हक्क चोपणावर सोडते? लेकीला गाडी काढायला लावली आणि न्हावरं गाठलं.

देवळापुढं भावकी बसली होती. दिरांनी दोन वाटे सांगितले: एक ओढ्याकडचा, एक विहिरीकडचा. एरवी मी तिथंच तोंड सोडलं असतं. त्या दिवशी राग दाताखाली धरला आणि गोड आवाजात विचारलं, "दादा, दोन्ही वाटे सारखेच ना?"

"सारखेच म्हंजी काय! कुनालाबी इचार. उगं एकाला झुकतं माप देनारा मानूस न्हाई मी."

"आप्पा, ऐकलं ना?" मी भावकीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाकडं वळले. "आपली चाल काय? थोरल्यानं वाटे पाडायचे आन् धाकट्यानं आधी उचलायचं. माझा नवरा धाकटा. त्याच्या जागी मी उचलते. विहिरीकडचा!"

दिरांचा चेहरा पडला. "थांबा, वाटे परत पाडू."

आप्पा मिशीत हसले. "आता कशाला? सारखेच हायेत म्हनलास न्हवं?"

"कुनी शिकिवलं रं हिला?" दीर उठत ओरडले. "इंग्लंडची रानीच झाली ही!"

"रानी न्हाई, काका," लेक म्हणाली. "उमरावाची इधवा."

सगळी भावकी हसली. मी मात्र तडक रानात गेले आणि विहिरीवरची मोटर चालू केली. पाटात पाणी खळाळलं तशी लेकीनं चपला भिरकावल्या आणि ती पाण्यातून पळत सुटली. तिच्यामागं मीही.