घर बंद नव्हतं

अण्णांच्या हातात कपबशी होती. काकूंच्या हातात कपबशी होती. माझ्यापुढं कागदी पेला आला. बारशाला वाटतात तसला, पिऊन फेकायचा. तोही हातात दिला नाही. काकूंनी तो ओसरीच्या कडेला ठेवला आणि त्या मागं सरकल्या. भिंतीला रिकाम्या खुर्च्या होत्या. मला बसायला युरियाचं पोतं टाकलं होतं. रासायनिक खत सोडलं म्हणून हार घालून घेणाऱ्या घरात युरियाचं पोतं आलं कुठून, हे विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. चहा प्याले.

मी सर्वेक्षण करते. शाश्वत शेती आणि गावातल्या माणसांची उपजीविका, असा विषय. परभणी जिल्ह्यातली पूर्णा, ताडकळसकडची गावं. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र. एकदा विचारून झालं की काही महिन्यांनी त्याच घरी, त्याच माणसांना परत विचारायचं. विचारणाराही शक्यतो तोच असावा, असा नियम. ओळख झालेली असते, माणूस मोकळं बोलतो, असं प्रशिक्षणात शिकवलं होतं.

अण्णांच्या घरी पहिल्या फेरीत ओळख नव्हती, म्हणून सगळं चांगलं झालं. काकूंनी स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं. "लेकराला ऊन लागलं असंल," म्हणत पंखा माझ्याकडं वळवला. भाकर-ठेचा खाऊ घातला, निघताना पिशवीत वांगी टाकली. मी घरी येऊन आईला म्हणाले, लय चांगली माणसं हायत. आमच्या ओळखपत्रावर फक्त पहिलं नाव छापतात. मधल्या काळात त्यांच्या कुठल्याशा पाहुण्यानं बाकीचं सांगितलं. गाव, गावातली बाजू, आडनाव. आता ओळख झाली होती.

दुसऱ्या फेरीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. मागच्या भेटीनंतर घरात काय बदल झाला?

अण्णा म्हणाले, "काय बी न्हाई. हाय तसंच हाय समदं."

मी 'बदल नाही'वर बोट ठेवलं.

मग रानात जीवामृत बघायचं होतं. शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन पिंपात कालवून आंबवतात, पिकाला घालतात. अण्णांचं त्यात तालुक्यात नाव. त्यांनी बाही वर सारली, कोपरापर्यंत हात पिंपात घातला, ढवळलं, नाकाशी नेऊन वास घेतला. चेहरा फुलला त्यांचा. मी जवळ जायला लागले.

"तू तिथूनच फोटो काढ," ते म्हणाले. "पिंपाला हात नगं लावू."

मी तिथूनच काढला. फोटो चांगला आला.

राग आला का? नाही. हे कुणाला पटत नाही, पण मला काहीच आलं नाही. दाढ काढायच्या आधी सुई देतात, मग गाल आपलाच असून आपला वाटत नाही. तसं सगळं अंग झालं होतं. मी पुढचे प्रश्न विचारत गेले. बांधावर झाडं लावली का. बियाणं घरचं की विकतचं. बाईमाणसाच्या हातात काय मिळकत. माझा आवाज मला ऐकू येत होता, कुणी दुसरीच बोलायलीय असा. निघताना काकू म्हणाल्या, "त्यो पेला जाताना उकिरड्यावर टाक, बाई." टाकला.

शेजारचं घर माझ्याच यादीतलं. दार उघडं होतं, आत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. बाई उंबऱ्याशी आली. मागच्या खेपेला हिनं मला बाजेवर शेजारी बसवून सासूची सगळी गाऱ्हाणी सांगितली होती.

"आमाला न्हाई सांगायचं काई," ती म्हणाली. "आत्ताच अण्णाचा फोन आलता."

आणि दार लावलं. त्याच्या पुढच्या घरी तर कुणी बोललंही नाही. मला येताना बघून आतून कडी घातली. मी स्टँडवर गेले.

संध्याकाळी आई लसूण सोलत बसली होती. तिचा जन्म दुसऱ्यांच्या रानात खुरपण्यात गेला. तिला सगळं सांगितलं. पोतं, पिंप, दार. ती खाली मान घालून ऐकत होती. कागदी पेल्याचं सांगितलं तेव्हा तिनं वर बघितलं.

"कागदाचा का व्हईना, पेला तर दिला," ती म्हणाली. "आमाला वंजळीत वरून वतायचे."

आणि परत लसूण सोलायला लागली. चिडली नाही, रडली नाही. बाजारातला भाव सांगावा तसं बोलली. तिच्या लेखी जग सुधारलं होतं.

अण्णांनी केलं त्यानं मला जे कळलं नव्हतं ते आईच्या त्या बोलण्यानं कळलं. हे बधिरपण माझ्या एकटीचं नाही. आईनं ते गिळलं, तिच्या आईनं गिळलं असणार, आणि तेच मला दुधातून मिळालंय. मी गप्प बसले तर उद्या माझी लेक म्हणेल, पोतं तर टाकलं की बसायला. मला भीती वाटली. दिवसभरात पहिल्यांदा काहीतरी वाटलं.

दुसऱ्या दिवशी परभणीच्या ऑफिसात सरांनी बोलावलं. सर म्हणजे आमचे पर्यवेक्षक. माणूस वाईट नाही. सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवतो. अण्णांचा फोन त्यांनाही गेला होता.

"ती गल्ली आपण दुसऱ्या मुलीला देऊ," सर म्हणाले. "आणि ती दोन घरं राहिली ना, तिथं 'घर बंद' टाक. बदली घर मिळतं. कुणाला त्रास नाही."

"घर बंद नव्हतं, सर."

"मला माहितीये."

"मग?"

"अगं, अण्णांच्या शब्दावर ते गाव चालतं. आपल्याला अजून फेऱ्या करायच्यात. प्रत्येक गोष्ट मनाला लावून घेऊ नये."

टॅबवर कारणं तयारच असतात. घर बंद, स्थलांतर, आजारपण, नकार. 'नकार' निवडलं की खाली कोरी जागा येते. सर बघत होते. मी 'नकार' निवडलं आणि लिहिलं, "सर्वेक्षक बौद्ध असल्याचे कळल्यावर दार लावले." दुसऱ्या घरालाही तेच. अण्णांचं 'बदल नाही' मी तसंच ठेवलं. ते त्यांचं उत्तर होतं. फक्त निरीक्षणाच्या जागेत, मला कुठं बसवलं आणि कशातून चहा दिला, ते लिहिलं.

"हे मी वर पाठवू शकत नाही," सर म्हणाले.

"मग तुम्ही पुसा. तुमच्या हातानं पुसा. माझ्या हातानं व्हायचं न्हाई."

"पुढच्या फेरीत तुला घेता येणार नाही कदाचित."

"नका घेऊ."

सरांनी टॅब स्वतःकडं ओढून घेतला. त्यांनी ते पुसलं की पाठवलं, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

त्या गल्लीतली उरलेली घरं अजून माझ्या नावावर आहेत. काढून घेत नाहीत तोवर माझीच. काम गेलं तर जाईल, आईबरोबर खुरपायला जाईन, पण ती घरं करून जाईन. उद्या सकाळच्या एसटीनं निघणार आहे. प्रत्येक उंबऱ्यावर आधी पूर्ण नाव सांगणार. आडनावासकट, वस्तीसकट, मोठ्यानं. कुणाच्या पाहुण्यानं चोरून सांगायला काही शिल्लक ठेवणार नाही. खुर्ची दिली तर बसणार. पोतं टाकलं तर उभ्यानं विचारणार. ज्याला दार लावायचं त्यानं लावावं. ते कुणी लावलं आणि कशापायी लावलं, ते मी तिथंच दारात उभी राहून लिहिणार.