चांगुणाबाईची जून रोपं

चांगुणाबाई माझी शेजारीण. हट्टी किती म्हणून सांगू! आमच्या बौद्धवाड्यात सोताचं रान पहिलं केलं ते तिनंच. नवरा लिंबाजी गरीब माणूस, ती म्हणंल ते.

येलदरीच्या कालव्याचं पाणी आलं तसे आमी समदे खूश. पण पाणी पाजून पाजून तिचं रान खारवलं, वर पांढरा थर धरला. चौऱ्याहत्तर साली तिथं मिरचीची कोवळी रोपं लावली, ती पोळ्याच्या आतच करपली. लिंबाजी म्हणला, "बास झालं. रान सोडू अन् सेलूला कापसाच्या जिनिंगात कामाला जाऊ."

लावणी चालू असताना मधीच तिला ताप आला होता, म्हणून थोडी रोपं वाफ्यातच राहिली होती. लांबडी, जून, दांडी टणक झालेली. असली रोपं आमच्याकडं बांधावर फेकतात. तीबी फेकायलाच निघाली, तेवढ्यात शेतीखात्याचे वीरभद्रअप्पा सायकलवर आले.

"थांबा बाई! खाऱ्या रानात कोवळं रोप मरतं, जून तग धरतं. आधी चर खणा, पाण्यासंगं मीठ वाहून जाऊ द्या. मग हेच लावा."

लावलं. अन् काय, थोड्याच दिवसांत खालची पानं पिवळी पडून गळायला लागली! लिंबाजीनं गठुडं बांधलं. माझं डोस्कंच फिरलं. अप्पांना रस्त्यातच धरलं, "का फसवायलाव गरिबाला?"

अप्पा हसले. "धुरपताबाई, झाड येडं न्हाई. मुळाला खार लागला की ते वर सांगावा धाडतं. त्याच्या अंगातच तसला रस असतो, संप्रेरक म्हणतात त्याला. त्यानं पानं आपली बारीक तोंडं मिटून घेतात, पाणी वाचतं. मीठ जुन्या पानांत साठतं, ती गळतात. तुमी शेंडा बघा."

चांगुणाबाईला हाक मारली अन् आमी दोघी पळतच रानात गेलो. लिंबाजी गठुडं घेऊन मागं. वाकून बघितलं तर शेंड्याला हिरवीगार पालवी! एका न्हाई, समद्या रोपांना. हुश्श! जीव भांड्यात पडला.

"अवो, सोडा ते गठुडं," चांगुणाबाई म्हणली. "भाकर हितंच खाऊ."

बांधावर बसलो. लिंबाजीनं घास मोडला अन् म्हणला, "मीठ न्हाई का गं?"

"मीठ?" ती कडाडली. "घ्या की रानातलं उकरून!"

अन् हसता हसता ती रडायलाच लागली. मग मीबी.