अटलांटिक ओलांडून दारव्ह्याला आलेलं पाकीट

आर्णीच्या पोस्टात माझी सगळी नोकरी शिक्के मारण्यात गेली. निवृत्त झाल्यावर जुनी पाकिटं जमवायचा नाद लागला. नवरा त्यांना रद्दीच म्हणायचा.

जवळच्याच दारव्ह्याच्या एका भंगारवाल्याकडे मला ते पाकीट मिळालं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेतून तिथल्या कुण्या नर्सबाईला आलेलं. समोर विमानाचा जांभळा ठसा. तेव्हाची ही विमानं होडीसारखी पाण्यावर उतरायची. उत्तर अटलांटिकवरून नियमित विमानटपाल पहिल्यांदा आणलं ते त्यांनीच. पाकिटाच्या मागं लिस्बनचा शिक्का, आणि त्याखाली आमच्या दारव्ह्याचा!

नागपूरच्या प्रदर्शनात मी ते मांडलं. परीक्षकांनी भिंग लावलं आणि मान हलवली.

"बाई, दारव्ह्याचा शिक्का मागाहून मारलेला दिसतो. यातलं इंग्रजी आर अक्षर बघा, पायच नाही त्याला."

"साहेब, खरा शिक्काच तुटका असेल तर?"

"पुरावा आहे? निकाल उद्या दुपारी आहे."

पुरावा होता, पण घरी. पाकिटावर शिक्का पडला त्याच महिन्यात दारव्ह्याहून माझ्या आजेसासऱ्यांना आलेलं साधं पोस्टकार्ड. त्यावरच्या शिक्क्यातही आरचा पाय तुटलेला होता. मी नवऱ्याला फोन लावला, तर बोलता बोलता रडूच आलं.

"रडून काहून राह्यली? कोन्त्या डब्यात हाये ते सांग फक्त मले."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं तो आला. कार्ड वहीत, वही पिशवीत, पिशवी छातीशी धरलेली. परीक्षकांनी दोन्ही शिक्के शेजारी शेजारी ठेवले. बराच वेळ पाहिलं. मग दुसऱ्या परीक्षकांना बोलावलं.

शेवटी ते उठून उभे राहिले. "बाई, माझी चूक झाली. शिक्का अस्सल आहे. समुद्र ओलांडून थेट तालुक्याच्या गावी पोचलेलं असं पाकीट मी पहिल्यांदाच हातात धरतोय."

दुपारी सुवर्णपदकासाठी माझं नाव पुकारलं गेलं. टाळ्यांच्या गजरात मी ताठ मानेनं मंचावर चढले. खाली आले तेव्हा माझ्या टेबलाभोवती ही गर्दी, आणि मधोमध नवरा हातवारे करून सांगत होता, "अहो, इमान पान्यावर उतरे, पान्यावर! आन् चिठ्ठी आली कुठं? आमच्या दारव्ह्याले!"

परतीच्या बसमध्ये पदक त्याच्याच गळ्यात होतं.