काळ्या दगडांच्या शहरातला पूर

अमेरिकेतल्या रेडमंडच्या मराठी मंडळात प्रल्हाद टिल्लूंची एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती: हा माणूस पाण्याला भितो. उन्हाळ्यात मंडळाची सहल समामिश तळ्यावर जायची. बाकीचे नावेत बसत आणि प्रल्हादराव पार्किंग लॉटमध्ये गाडीला टेकून कणसं सोलत. पोरं हसत. तेही हसत, पण तळ्याकडे पाठ करून कधी उभे राहत नसत.

कारण फक्त त्यांच्या बायकोला, सुमित्राला माहीत होतं. १९६१ साली पानशेतचं धरण फुटलं तेव्हा प्रल्हादराव सहा वर्षांचे होते आणि पुण्यात नारायण पेठेत, नदीच्या अगदी जवळ राहत होते. वडिलांनी गल्लीत उभं राहून ओरडून सांगितलं, "पाणी येतंय, निघा!" कोणी हललं नाही. शेजारचे काका दाढी करत होते. ते आरशातूनच म्हणाले, "दर वर्षी येतं." मग वडिलांनी ओरडणं थांबवलं, मुलाला खांद्यावर टाकलं आणि पर्वतीच्या दिशेने धावत सुटले. पोर घेऊन धावणारा माणूस दिसला तेव्हा कुठे गल्ली धावली. पर्वतीवरून खाली बघितलं तर सगळीकडे तपकिरी पाणी, आणि पाण्यातून वर आलेली कौलांची टोकं. शेजारचे काका पुन्हा दिसले नाहीत.

पुढे प्रल्हादराव इंजिनियर झाले, अमेरिकेत आले, रेडमंडला घर घेतलं. २००१ नंतर सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या धडाधड गेल्या, त्यात त्यांचीही गेली. वयाच्या पन्नाशीकडे नवी नोकरी मिळेना. शेवटी हाल्वर्सन नावाच्या एका म्हाताऱ्या भौतिकशास्त्रज्ञाने त्यांना बोलावलं. काम त्याच राज्याच्या पूर्वेला, डोंगरापलीकडच्या कोरड्या भागात होतं. रेडमंडला पाऊस पडत असतो तेव्हा तिथे धूळ उडते. काळ्या खडकाच्या उंच कड्यांमध्ये एक कोरडी घळ, घळीच्या तळाशी पत्र्याची मोठी शेड. सोमवारी जायचं, मोटेलात राहायचं, शुक्रवारी घरी. पाण्याचा थेंब नसलेली जागा बघून प्रल्हादराव मनातून खूश झाले होते.

शेडमध्ये काय आहे ते कळायला महिना लागला. पोलादाची एक चौकट होती, उंच दरवाजाएवढी. सगळे तिला 'दार' म्हणत. नागपूरचा राजेश विजेचं पॅनेल सांभाळायचा. त्याने खटका ओढला की चौकटीच्या आतली हवा गढूळ व्हायची, आणि मग पलीकडे तीच घळ दिसायची. तेच कडे, तोच उतार. फक्त पंधरा हजार वर्षांपूर्वीचा. पहिल्यांदा दार उघडलं तेव्हा प्रल्हादरावांच्या तोंडावर गार वारा आला आणि त्याला मासे धुरावल्याचा वास होता. कोणी मासे धुरावतंय म्हणजे तिकडे माणसं होती.

नुसती माणसं नव्हती, शहर होतं. काळ्या खडकाचे सहाकोनी खांब रचून बांधलेली घरं, फरसबंद रस्ते, नदीतून काढलेले पाट. कोणत्याही पुस्तकात नसलेलं शहर. हाल्वर्सनला पुरातत्त्व शिकलेलं विश्वासाचं माणूस हवं होतं आणि प्रल्हादरावांनीच अनिकाचं नाव सुचवलं. अनिका म्हणजे त्यांच्या मंडळातल्या पद्मिनीताईंची मुलगी. अमेरिकेत जन्मलेली, पंचविशीतली, पदवी घेऊन घरी बसलेली. पद्मिनीताई तेव्हा म्हणाल्या होत्या, "तुम्ही आहात तिथे, मग मला काळजी नाही."

अनिका दोनदा जाऊन आली. दार सकाळी एकदा आणि दुपारी एकदा, थोडाच वेळ उघडता यायचं. त्याहून जास्त ताण यंत्राला झेपत नसे. ती यायची ती भारावून. तिथल्या लोकांची घरं, त्यांचे शब्द, त्यांनी झाडांना टांगलेल्या पातळ दगडी पाट्या. त्या वाजवून ते एकमेकांना हाका मारत. "काका, इट्स ब्यूटिफुल. घंटांसारखा आवाज येतो."

२००६ च्या मे महिन्यात ती तिसऱ्यांदा गेली आणि दुपारी परतली नाही. दार उघडलं, पलीकडे रिकामा उतार दिसला, दार मिटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं, तरी उतार रिकामाच. मधल्या रात्री पद्मिनीताईंनी मोटेलवर फोन केला होता.

"अनिका फोन का उचलत नाही हो? तुमच्याबरोबरच आहे ना?"

"इथे रेंज नसते," प्रल्हादराव म्हणाले. आणि त्यांनी घाईने फोन ठेवला.

हाल्वर्सन म्हणाला, पोलिसांना सांगून उपयोग नाही, कोणीतरी आत जायला हवं. त्याची स्वतःची बायपास झालेली. राजेश पॅनेलवरून हलू शकत नव्हता. "मी जातो," प्रल्हादराव म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांना स्वतःचीच भीती वाटली. पण पद्मिनीताईंसमोर काय तोंड घेऊन उभं राहायचं, ही भीती तिच्याहून मोठी होती. दार अजून उघडं होतं. त्यांनी डोळे मिटले आणि पाऊल टाकलं.

पहिल्यांदा कानावर आला तो पाण्याचा आवाज. त्यांच्या काळात कोरडी ठाक असलेली घळ इथे नदीची होती, उताराच्या खालीच वाहणारी. प्रल्हादरावांचे पाय जमिनीला चिकटले. मागे वळून बघितलं तर दार मिटलेलं. दुपारपर्यंत आता परतीची वाट नव्हती.

लोक त्यांना बघून घाबरले नाहीत. चामड्याचे कपडे घातलेली, चेहऱ्यावर राख फासलेली ती माणसं अनिकामुळे अशा पाहुण्यांना सरावली असावीत. एका म्हाताऱ्या बाईने वरच्या अंगाला बोट दाखवलं. तिथे, नदीकाठच्या चौकात, अनिका उभी होती. आवाज बसलेला, डोळे लाल. ती लोकांना कड्यावरची दिशा दाखवत होती आणि लोक शांतपणे माशांच्या वाळवणाकडे परतत होते.

"अगं, दोन वेळा दार उघडलं! कुठे होतीस?"

"काका, नदी बघा." तिने बोट दाखवलं. पाणी मातकट झालं होतं आणि त्यातून बर्फाचे ढलपे वाहत होते, काही गाडीएवढे. "मी काल नदीच्या वरच्या अंगाने खूप लांब चालत गेले होते. वर कुठेतरी बर्फाचं धरण आहे, ह्यूज. त्याच्या मागे एक अख्खा समुद्र अडलाय. ते फुटायला लागलंय. या घळी कशा झाल्या, माहीत आहे ना? हे सगळं अशाच पुरांनी कोरलंय."

प्रल्हादरावांना माहीत होतं. शेडजवळच्या रस्त्यावर तशी पाटीच लावली होती. ती त्यांनी कित्येकदा वाचली होती, हातात कॉफी घेऊन.

"चल," ते म्हणाले. "दाराजवळ जाऊन बसू."

"नाही. ते माझं ऐकत नाहीत. मी सांगतेय, ओरडतेय. दे जस्ट स्माइल."

"अनिका, तुझ्या आईला मी..."

तेवढ्यात पाट्या वाजल्या.

आधी एक, मग तिच्या शेजारची, मग चौकातल्या सगळ्या. त्यांना कोणी हात लावला नव्हता. झाडांना टांगलेले ते पातळ दगड आपोआप थरथरत होते आणि त्यांतून बारीक, अखंड किणकिण निघत होती. माणसं जागच्या जागी थांबून वर बघू लागली. कुत्री शेपूट पायांत घालून उताराने वर पळाली. प्रल्हादरावांना तळपायातून काहीतरी वर चढताना जाणवलं. जमीन हलत होती. मग वारा आला, नदीच्या वरच्या अंगाने, गार, ओल्या मातीच्या वासाचा. तो वास त्यांनी सहाव्या वर्षी घेतला होता.

अनिका पुन्हा ओरडायला लागली. लोक तिच्याकडे बघत होते, एकमेकांकडे बघत होते, पण कोणी हलेना. प्रल्हादरावांनी आजूबाजूला पाहिलं. वाळवणाशेजारी तीन-चार वर्षांचं एक पोर बसलं होतं, हातात माशाचं शेपूट. त्याची आई हाताच्या अंतरावर होती. त्यांनी विचार केला असता तर ते झालंच नसतं. त्यांनी ते पोर उचललं, खांद्यावर टाकलं आणि कड्याच्या दिशेने धावत सुटले.

आईने किंकाळी फोडली. तिच्या मागे बाप, बापामागे भाऊबंद, आणि मग सगळा चौक. एक दगड त्यांच्या पाठीत बसला. पोराने त्यांचा कान असा चावला की रक्त आलं. प्रल्हादरावांना एवढंच कळत होतं की थांबलो तर ही माणसं आपल्याला मारतील आणि नाही मारलं तर पाणी मारेल. पन्नाशीचा, पोट सुटलेला, दम्याची सुरुवात झालेला तो माणूस उतार चढत राहिला. मागे अनिका दोन मुलांचे हात धरून धावत होती. अर्ध्या वाटेवर खालून गडगडाट ऐकू आला आणि लोकांनी वळून पाहिलं. घळीच्या वरच्या तोंडाशी धुळीचा ढग उठला होता. मग त्यांना कोणी पळवायची गरज उरली नाही. ते प्रल्हादरावांना ओलांडून वर गेले. पोराच्या आईने जाता जाता मूल त्यांच्या खांद्यावरून ओढून घेतलं आणि त्यांच्याकडे बघितलंही नाही.

सगळे आले नाहीत. खाली घरांच्या दारांत माणसं उभी दिसत होती.

"काका, आपणही वरच जाऊ," अनिका म्हणाली.

"दुपार होत आली. राजेश दार उघडणार." प्रल्हादरावांना श्वास पुरत नव्हता. "दार खाली आहे. ते उघडं असताना पाणी आलं तर ते शेडमध्ये घुसेल. राजेश तिथे आहे. आपण आत जाऊन ते मिटवायला हवं."

वर जाणाऱ्या माणसांच्या उलट दिशेने ते दोघं उतरू लागले. प्रल्हादराव नंतर सुमित्राला म्हणाले की आयुष्यात त्यांनी इतकं घाबरून दुसरं काही केलं नाही. प्रत्येक पाऊल पाण्याकडे पडत होतं. एकदा ते खालीच बसले आणि अनिकाने त्यांना काखेत हात घालून उठवलं. गडगडाटाने आता बाकी कुठलाच आवाज ऐकू येत नव्हता. उताराच्या टोकाला हवा गढूळ झाली. दार उघडलं. पलीकडे राजेशचा चेहरा दिसला.

त्यांनी एकदाच डावीकडे पाहिलं. पाणी असं काही दिसत नव्हतं. कड्यांच्या उंचीची काळी भिंत होती, तिच्यात अख्खे खडक आणि झाडं उलटीपालटी होत होती, आणि तिच्यापुढे काळ्या दगडांची घरं एकेक करून नाहीशी होत होती.

ते दारातून आत पडले. "बंद कर! राजेश, बंद कर!"

हाल्वर्सन कॅमेरा घेऊन चौकटीसमोर उभा होता. "थांब," तो म्हणाला. "एक मिनिट. फक्त हे एवढं."

राजेश थांबला नाही. त्याने खटका ओढला, तरी दार मिटता मिटता पाण्याची एक जीभ आत आलीच. बर्फगार चिखलपाणी कमरेपर्यंत चढलं, पॅनेलमधून ठिणग्या उडाल्या, शेडची मागची भिंत बाहेर पडली. मग सगळं थांबलं. पाणी वाळूत जिरून गेलं. दोन जळके खांब आणि वाकलेली चौकट उरली. हाल्वर्सन चिखलात बसून रडत होता. कॅमेऱ्यासाठी की कशासाठी, ते कोणी विचारलं नाही.

यंत्र पुन्हा उभं राहिलं नाही. हाल्वर्सन आपल्या बहिणीकडे मिनेसोटाला गेला. राजेशने फ्रीमाँटला नोकरी धरली. डॉक्टरने कान बघून विचारलं, तेव्हा प्रल्हादरावांनी मित्राच्या नातवाचं नाव सांगितलं. पद्मिनीताईंना अनिका एवढंच म्हणाली की शेडमध्ये पाण्याची टाकी फुटली. खरं ऐकलं ते एकट्या सुमित्राने, स्वयंपाकघरात, गॅस बंद करून.

"वर गेलेले वाचले असतील का हो?" तिने विचारलं.

"पाणी कड्यापर्यंत चढत होतं," ते म्हणाले. "कड्याच्या वर चढलं का, मला माहीत नाही."

पुढच्या उन्हाळ्यात अनिका त्या दोघांना घेऊन कड्यावर गेली. ती दर महिन्याला तिथे जाऊन चूल, हाड, एखादी दगडी पाटी सापडते का ते शोधत होती. अजून काही मिळालं नव्हतं. आता वर रेलिंग लावलेली जागा होती. एक कुटुंब बाकावर सँडविच खात होतं, मुलं दुर्बिणीसाठी भांडत होती. खाली घळ कोरडी, उन्हात तापलेली. प्रल्हादराव रेलिंगपर्यंत गेले. तेवढ्यात घळीच्या वरच्या अंगाने वारा सुटला, साधाच, दुपारचा वारा.

ते वळले आणि बाकावरच्या, त्या मुलांच्या आईला म्हणाले, "मुलांना इथून न्या. प्लीज." बाई गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिली. अनिकाने पुढे होऊन तिची माफी मागितली. प्रल्हादराव तोवर गाडीत जाऊन बसले होते, इंजिन सुरू करून, चारही दारं उघडी ठेवून, आणि सुमित्रा न हसता, भराभर चालत त्यांच्याकडे येत होती.