धोंडूसाठी शिकलेला चहा

मी तुळसा. मिरकरवाड्यात गंगुबाईच्या शेजारी उभा जन्म गेला माझा, म्हणून सांगते. एकदा डोक्यात घेतलंन, की ती बाई कुणाच्या बापाचं ऐकायची नाही.

तिचा एकुलता धोंडू चीनला जाणाऱ्या बोटीवर खलाशी. एकतीस सालच्या शिमग्याला त्याने भागोजीबरोबर चहाच्या दोन पुड्या धाडल्यान. भागोजी त्याच बोटीवरचा. म्हणाला, "काकी, हा ऊलाँग, चिनी लोकांचा चहा, दोन तऱ्हांचा. आवडेल तो निवडा आणि करायला शिका. धोंडू दिवाळीला येऊन तुमच्या हातचा पिणार आहे."

एका पुडीतली पानं हिरवट, दुसरीतली काळपट, भाजल्या चण्यासारख्या वासाची. गंगुबाईने काळपट निवडलीन आणि पहिल्याच दिवशी गूळ, आलं, दूध घालून काढ्यासारखा खळखळा उकळलान. कडू जहर झाला. मी म्हटलं, "गंगे, हा पोराला पाजलास तर आल्या पावली परत जाईल गो."

मग हळूहळू जमलं. पाणी उकळलं की खाली उतरवायचं, जरा दम खाऊ द्यायचा, चिमूटभर पानांवर ओतून झाकायचं, पन्नास मोजून गाळायचं. दूध नाही, गूळ नाही. गणपतीपर्यंत सोन्यासारखा पिवळा चहा यायला लागला. पण श्रावणापासून धोंडूचं पत्र नव्हतं. त्याबद्दल ती अवाक्षर काढीना, नुसती दोन वेळा चहा करी. मला तिच्याकडे जायची धास्ती वाटायची.

दिवाळीच्या आदल्या सकाळी आगबोट लागली. भागोजी एकटाच आला आणि अंगणात उभा राहिला. पडवीवर पाय ठेवीना.

"बस, चहा टाकते," गंगुबाई म्हणाली. चूल पडवीतच होती.

"नको, काकी."

"पाणी तरी घे."

"पाणीही नको."

वाईट बातमी आणणारा त्या घरचं पाणी घेत नाही. गंगुबाईने तरी पाणी उकळलंन, पन्नास मोठ्याने मोजलेन, कप पुढे धरलान. भागोजीने मान हलवलीन. तिने तो ओतून टाकलान आणि त्याच पानांवर पुन्हा पाणी घातलंन. "दुसरं पाणी जास्त गोड लागतं रे." मग तिसरं. मग चौथं. तिचा हात धरावा असं फार वाटलं, पण माझी छाती झाली नाही. भागोजी खाली मान घालून रडत होता.

पाचव्याला नुसतं पांढरं पाणी आलं. ते तिने खाली ठेवलंन. चुलीतली लाकडं बाहेर ओढलीन आणि किटलीतलं उरलेलं पाणी निखाऱ्यांवर ओतलंन.

"बोल आता," ती म्हणाली.