झोपेतले फटके

पहिला फटका बसला तेव्हा मी चिडलो होतो, हे आधीच सांगून टाकतो. बायको गाढ झोपेत, डोळे गच्च मिटलेले, आणि तिची मूठ माझ्या दंडावर अशी आदळली की मी अंथरुणात ताडकन उठून बसलो. "अगं, काय हे!" मी खेकसलो. ती जागी झाली, घाबरून म्हणाली, "काय झालं हो?" मी म्हटलं, ते तूच सांग, स्वप्न पडलं का काही? "काही नाही," म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

तिच्या माहेरी वाईट स्वप्न बोलायचं नाही अशी शिस्त होती. बोललं की खरं होतं म्हणे. सकाळी तोंड धुवायचं, देवापुढे हात जोडायचे, विषय संपला. तोवर लग्नाला चाळीस वर्षं झाली होती आणि तिनं मला एकही वाईट स्वप्न सांगितलं नव्हतं. मीही कधी खोदून विचारलं नाही. मला काय, सकाळचा चहा वेळेवर मिळाला की झालं.

मग फटके वाढले. महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून दोनदा. कधी गुद्दा, कधी लाथ, कधी नुसतं ओरडणं, "सोड! सोड म्हणते ना!" दिवसा ही बाई मुंगीलासुद्धा फुंकर मारून बाजूला करणारी. सकाळी माझा काळानिळा दंड बघून रडायची, आंबेहळद उगाळून लावायची. मी दुसऱ्या खोलीत झोपते म्हणायची, मी नाही म्हणायचो, कारण एकदा ती पलंगावरून खाली पडता पडता वाचली होती. "पण कुणाला सांगू नका हं," हे मात्र तिनं माझ्याकडून वदवून घेतलं. मी शब्द दिला आणि मिठाची गुळणी धरली.

मी इंजिनियर. इथे कॅनडात, विंडसरच्या गाड्यांच्या कारखान्यात तीस वर्षं काढली आणि रिटायर झालो. मशीन बिघडलं की कारण सापडल्याशिवाय घरी जायचं नाही, ही खोड. मग लायब्ररीतून स्वप्नांवरची मानसशास्त्राची पुस्तकं आणली, कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि कारण शोधून काढलं. दाबलेला राग. राग कुणावर? अर्थात माझ्यावर. तिची आई गेली तेव्हा मी तिला भारतात जाऊ दिलं नव्हतं. फेब्रुवारी होता, मुलगी लहान होती, कारखान्यात माणसं कमी करत होते. "आता जाऊन काय करणार तिथे? सगळं आटोपलंय," असं मी म्हणालो होतो. हो, ह्याच शब्दांत. ती सिंकमधली भांडी घासत राहिली. तेच आता तिच्या हातातून बाहेर पडतंय, असा मी निष्कर्ष काढला. आणि खरं सांगू? मला ते फटके हवेसे वाटायला लागले. आपण भोगतोय, फेडतोय, असं बरं वाटायचं.

एवढ्यावर थांबलो असतो तर ठीक. पण नाही. इथल्या मराठी मंडळाच्या ज्येष्ठांसाठीच्या दुपारच्या कार्यक्रमात मी 'स्वप्न: मानसशास्त्र आणि तत्त्वज्ञान' असं व्याख्यानच ठोकलं. जागृती, स्वप्न, सुषुप्ती. स्वप्नातला वाघ खोटा पण भीती खरी. मग जागेपणीचं जग तरी कशावरून खरं? अकलेचे सगळे तारे तोडले. जुलै महिना, हॉलमधला एसी बंद पडलेला, आणि मी मनगटापर्यंत बटणं लावलेला शर्ट घालून घामाघूम. शेवटी एका आजींनी विचारलं, "तुमच्या घरी कुणाला पडतात का हो वाईट स्वप्नं?" मी म्हणालो, "छे, आमच्याकडे फक्त घोरण्याचा प्रॉब्लेम आहे." सगळे हसले. पुढच्या रांगेत बसलेली बायकोही हसली.

तुम्ही म्हणाल, डॉक्टरला का नाही सांगितलं? सांगतो. मंडळातल्या माझ्या एका मित्राची बायको, विसरायला लागलेली, एकदा नर्सच्या अंगावर धावून गेली. फाइलवर 'अग्रेसिव्ह' असा शब्द पडला. तो शब्द पडला आणि ती घरी परत आलीच नाही. नर्सिंग होम, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना कायमचं ठेवतात ते, आणि तिथला कुलूपवाला मजला. मी भेटायला जायचो. पुढ्यात मॅश्ड पोटॅटो आणि ती मराठीत, "मला घरी न्या," असं प्रत्येकाला सांगतेय. कुणाला कळणार तिथे? एके दिवशी तिथून निघताना पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून मी ठरवलं, माझ्या बायकोच्या फाइलवर हा शब्द पडू द्यायचा नाही. काय वाट्टेल ते झालं तरी. ती घरात राहील.

पुढे तिची चाल मंदावली. हात थरथरायला लागले. सोफ्यावर मांजर बसलंय म्हणायची. आमच्या घरात मांजर नाही. मी म्हटलं, वय झालं. मग बाथरूममध्ये पडली, आणि आंघोळ घालायला आठवड्यातून दोनदा सकाळी एक बाई यायला लागली. ओजिब्वे, म्हणजे इथल्या मूळ आदिवासींपैकी, लेक ह्युरॉनकडच्या त्यांच्या एका राखीव वस्तीत वाढलेली, पन्नाशीची, धिप्पाड, मोठ्यानं हसणारी. पलंगाच्या वर टांगलेला ड्रीमकॅचर, वाईट स्वप्नं अडवणारं ते गोल जाळं, बघून मात्र ती हसली नाही. मिल्टनला राहणाऱ्या आमच्या मुलीनं इकडे येताना हायवेवरच्या पेट्रोल पंपावरून आणला होता तो. गुलाबी पिसं, प्लास्टिकचे मणी. "इट्स फॉर बॅड ड्रीम्स, आई," म्हणाली होती. आई झोपेत ओरडते एवढंच तिला माहीत होतं.

"हे तान्ह्या बाळांसाठी असतं," बाई म्हणाली. तिची आजी लाल विलो नावाच्या झुडपाची फांदी वाकवून, तंतू ओढून जाळं विणायची आणि पाळण्याला बांधायची. मूल मोठं होईस्तोवर फांदी सुकायची, जाळं सैल पडून तुटायचं. तुटावं म्हणूनच तसं केलेलं असायचं. "मोठ्या माणसाला जाळं कशाला? मोठ्या माणसानं स्वप्न सांगायचं असतं. आमच्याकडे सकाळी खायला देण्याआधी आजी विचारायची, काय पाहिलंस?" मला मनातून रागच आला. आम्हाला शिकवायला आली! मी चहा ठेवायला किचनमध्ये निघून गेलो.

पाठीमागून तिचा आवाज आला. बायकोचे केस पुसता पुसता ती विचारत होती, सो, व्हॉट डिड यू सी? आता ही 'काही नाही' म्हणणार, मी मनात म्हटलं. पण बायको बोलायला लागली. मोडक्या इंग्रजीत, मध्येच मराठीत. रोज तेच स्वप्न, म्हणाली. काळे कोट घातलेली माणसं बर्फातून घरात शिरतात आणि ह्यांना ओढत नेतात. ह्यांचा दंड माझ्या हातात असतो. मी त्या माणसांना मारते, लाथा घालते, पण ते ह्यांना सोडत नाहीत. सांगितलं तर खरं होईल म्हणून ह्यांना कधी सांगितलं नाही.

चहा उतू गेला. मी स्टोव्ह बंद केला आणि तिथेच उभा राहून रडलो. शहाणा मी! इतकी वर्षं ती मला वाचवत होती आणि मी कागदावर तिच्या रागाचे हिशेब मांडत होतो.

जाताना बाई दारात थांबली. आवाज खाली करून म्हणाली, "तुमच्या हातावरचे डाग मी पाहिलेत. मी रिपोर्ट लिहीत नाहीये. पण हे डॉक्टरांना सांगा, तुम्ही स्वतः. झोपेतलं असं मारणं कधीकधी आजाराचं असतं, माझ्या एका पेशंटचं होतं." मी हो हो म्हणालो. सांगणार होतो, खरंच. पण 'मारते' हा शब्द इंग्रजीत कसा म्हणायचा, की तो डॉक्टरच्या कॉम्प्युटरवर उमटणार नाही? अपॉइंटमेंट आली आणि गेली. डॉक्टरनं विचारलं, "झोप कशी आहे?" मी म्हणालो, "व्हेरी गुड."

मार्चमध्ये तिला लघवीचं इन्फेक्शन झालं, ताप चढला. हॉस्पिटलमध्ये ती भ्रमात गेली. खोलीत माणसं दिसायला लागली, सलाईन उपटून टाकायला लागली. नर्सनं फॉर्म पुढे केला. पूर्वी कधी आक्रमकपणा? नो. झोपेत हातपाय मारणं, ओरडणं? मी पेन धरून बसलो. मग तिथेही नो लिहिलं. सही केली. तिला शांत करण्यासाठी एक औषध दिलं, अशा पेशंटला नेहमी देतात ते.

दोन दिवसांत ती लाकडासारखी ताठ झाली. मान वळेना, घास गिळता येईना, डोळे उघडे पण माझ्याकडे बघत नव्हते. औषध ताबडतोब बंद केलं, पण अंग काही सुटलं नाही. तीन आठवडे असे गेले. मुलगी मिल्टनहून येऊन खुर्चीतच झोपत होती.

मग मेंदूची एक तज्ज्ञ डॉक्टर आली, तरुण, शांत. माझ्यासमोर स्टूल ओढून बसली. घरात नसलेली माणसं, प्राणी दिसायचे का? हो, मांजर. झोपेत कधी मारायच्या, लाथा झाडायच्या? मुलगी म्हणाली, "नो, नेव्हर." डॉक्टर माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, "हो."

"किती वर्षं?"

"आठ."

तिनं लिहून घेतलं. मग सावकाश समजावलं. हा विस्मृतीचाच एक प्रकार, आणि ह्याची पहिली खूण बरीच वर्षं आधी झोपेत दिसते. ह्या आजारात ते औषध अंगावर उलटतं, माणूस पुन्हा उभा राहीलच असं नाही. माहीत असतं तर दिलं नसतं. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

डॉक्टर गेल्यावर मुलीनं खोलीचं दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, यू न्यू?"

मी म्हणालो, अगं, मी भ्यायलो होतो. फाइलवर लिहिलं असतं तर तिला होममध्ये टाकलं असतं गं. कुलूपवाल्या मजल्यावर. तिला घरात ठेवायचं होतं मला, बस, एवढंच.

तिनं आईच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "होममध्ये बेड मिळालाय, बाबा. दे आर मूव्हिंग हर ऑन थर्सडे."