डाव्या सीटचा पट्टा

योगेंद्र हे नाव आता फक्त त्याच्या आधारकार्डावर उरलंय. पळसदरीपासून खालापूरपर्यंत सगळे त्याला इंजिनमास्तर म्हणतात. ते त्याला किती आवडतं हे लपवायचा तो खूप प्रयत्न करतो, पण हाक ऐकल्यावर मान ज्या ऐटीत वळते त्यातच बिंग फुटतं. चाळिशी उलटली, पोट सुटलं, टाळूला ऊन थेट लागायला लागलं, तरी ऐट तीच.

खालापूर रस्त्याला त्याची पत्र्याची शेड आहे. तिथं पान्हे कमी आणि वायरी जास्त. टर्बोवाल्या गाडीला लॅपटॉप जोडायचा, तिच्या कॉम्प्युटरातली मूळ फाइल काढून जपून ठेवायची, मग हवेचा दाब थोडा वाढव, डिझेल थोडं जास्त सोड, असं करत नवी फाइल भरायची. गाडी तीच, जोर सव्वापट. त्याची आई गौराबाई हे सगळं एका वाक्यात उरकते, "माझा पोरगा गाडीच्या कानात बोलतो." त्यावर शेजारची सोनुबाई एकदा म्हणालीच, "मग आमच्या घरच्या मानसाला पन लाव रं ती वायर. दहा वाजले तरी उठत नाय."

इंजिनमास्तरचा एक नेम होता. फाइल भरली की गाडी स्वतः पळवून बघायची, तीही भर दुपारी, धरणाकडच्या रस्त्याने, कारण त्या वेळी तिथं चिटपाखरू नसतं. पाय किती दाबला, दाब किती चढला, वेग किती झाला, सगळ्याच्या रेघा लॅपटॉप आपोआप काढतो. माणसाच्या बोलण्यावर योगेंद्रचा विश्वास नाही, रेघेवर आहे.

त्या रस्त्याला एका वळणावर सावरीचं झाड आहे. त्याखाली शेंदूर फासलेला दगड, तो चेडोबा. वळण संपलं की लगेच ओढ्यावरची अरुंद मोरी, कठडा केव्हाच पडलेला. चेडोबापाशी आल्यावर गाडी हळू करायची, नाहीतर तो शेजारी येऊन बसतो, असं जुनी माणसं सांगतात. योगेंद्र हसायचा. "बसू दे की. आदी तिकीट काढ म्हनावं."

त्याच्या धाकट्या बहिणीचं, अपेक्षाचं, गेल्या वैशाखात लग्न झालं. जावई हर्षद लातूरकडचा, रसायनीला कारखान्यात नोकरीला. त्याने जुनी डिझेल गाडी घेतली आणि थेट मेहुण्याच्या शेडमध्ये आणून लावली.

"दादा, असा जोर भरा, की मागचा आरशातच राहिला पाहिजे."

जावयाचं काम! योगेंद्रने जीव ओतला. पहिल्या फेरीला चेडोबाच्या वळणावर पायाची रेघ एकदम खाली, शून्यावर. पाय तर त्याने तळापर्यंत दाबून धरला होता, शपथेवर सांगेल. त्याच क्षणी डाव्या सीटच्या पट्ट्याची घंटी सुरू झाली, कुणी पट्टा न लावता बसलं की वाजते ती, टिंग टिंग टिंग. सीटवर लॅपटॉप होता, त्याच्या वजनाने वाजली असेल. पण आधीचे चार किलोमीटर का नाही वाजली? हा विचार त्याने वळणावरच टाकला आणि पुढे गेला.

शेडमध्ये पायाखालचं पेडल तपासलं, ठणठणीत. तरी त्याने ठरवलं की दोष पेडलचाच. थोडं दाबलं तरी जोर जास्त मिळेल, अशी फाइल केली. दुसऱ्या फेरीला रेघ तिथंच पडली. त्याने जोर आणखी वाढवला. तिसऱ्या फेरीला गौराबाई मागे बसली होती, आपल्या बहिणीकडे पळसदरीला तांदूळ पोचवायचे म्हणून. रेघ पुन्हा तिथंच. कंटाळून त्याने आणखी जोर भरला, आणि रविवारी सकाळी अपेक्षाला घेऊन आलेल्या जावयाच्या हातात चावी ठेवली.

दुपारी पानावर बसला होता. गौराबाईने भाकरी वाढली आणि सहज म्हणाली, "परवा चेडोबापाशी पाय उचललास, बरं वाटलं मला. तुजा बापूस पन असाच उचलायचा, टेंपो कितीबी भरलेला असू दे."

"मी कुठं उचलला गं आये? दाबून धरलेला."

"मागं बसून मी काय आंदळी होते? तुजा गुडगा वर आला. बगितला मी."

घास हातातच राहिला. बापाच्या टेंपोत शेजारी बसून वर्षानुवर्षं जे पाहिलं, ते गुडघ्यात मुरलं होतं, त्याला न विचारता. पेडल चांगलंच होतं. रेघ खरं बोलत होती, खोटा तो होता. आणि जो दोष गाडीत नव्हताच, त्यावरचं औषध त्याने तीनदा गाडीला पाजलं होतं. आता नुसता पाय टेकला तरी ती उधळणार. आणि लातूरकडच्या गुडघ्याला चेडोबा कुठला माहीत!

"हर्षदराव कुठं गेले?"

"धरणाकडं," अपेक्षा म्हणाली. "एक चक्कर मारून येतो म्हणाले. का रं दादा?"

फोन लागेना. उष्ट्या हातानेच त्याने लॅपटॉपची पिशवी गळ्यात अडकवली आणि स्कूटर काढली.

सावरीपाशी वारा पडलेला. पाखराचा आवाज नाही. गाडी मोरीवर तिरकी उभी, पुढचं एक चाक अधांतरी. हर्षद झाडाखाली, तोंड पांढरंफटक.

"दादा, पाय लावला अन् सुटलीच. तेवढ्यात ती घंटी वाजली. बाजूला कोण बसलं म्हणून बघायला वळलो, तसा पाय सुटला. मग ब्रेक. घंटी वाजली नसती तर..."

"सीटवर काय ठेवलं होतं?"

"काहीच नाही. तुम्हीच बघा की."

घंटी अजून वाजत होती. सीट रिकामी. गादी मधोमध दबलेली, पण जुनी गाडी, दबणारच, असं त्याने स्वतःला सांगितलं. ऐन दुपारी उन्हात उभ्या गाडीतली ती गादी हाताला गार लागली, तसा त्याने हात काढून घेतला.

गाडी मागे घेतली, इंजिन बंद केलं आणि तिथंच बसून मूळ फाइल परत भरली. घरी निघताना जावई म्हणाला, "मी स्कूटरवर येतो."

योगेंद्र एकटा गाडीत बसला. लॅपटॉप डिकीत टाकला होता. गाडी हलली, तशी घंटी सुरू, टिंग टिंग टिंग. चेडोबापाशी त्याने आज समजून उमजून पाय उचलला. घंटी थांबली नाही. शेवटी त्याने गाडी कडेला घेतली, हात लांब करून डावीकडचा पट्टा ओढला आणि रिकाम्या सीटवरून खटकन लावला.

"तिकीट नको," तो हळूच म्हणाला. "नीट बसा."

घंटी थांबली.

दारात गौराबाई भाकरतुकडा आणि तांब्या घेऊन उभीच होती. तिने स्कूटरवरून उतरलेल्या जावयावरून ओवाळून टाकलं. मग काही न विचारता गाडीच्या डाव्या दाराकडे गेली, आणि तिथंही ओवाळलं.